पडदा का पेटत नाही?

(एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २)

संगणकाचे बटण दाबले की पंखा फिरतो, हिरवा दिवा लागतो आणि पडद्यावर अक्षरे उमटतात. या तिन्ही गोष्टी एका पाठोपाठ एक इतक्या बिनचूक घडतात की त्या एकच आहेत असे आपल्याला वाटू लागते. वस्तुतः यंत्र चालू होणे आणि पडदा पेटणे हे दोन अगदी निराळे व्यवहार आहेत. यंत्र ठणठणीत चालू असूनही पडदा काळाठिक्कर राहू शकतो. असे का होते, आणि तो पेटवायचा कसा, हे गेले वर्षभर मी शिकत आहे. मी कला शाखेची; माझे विषय मराठी, भूगोल व राज्यशास्त्र. तेव्हा विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींनी माझ्या समजावण्यातील साधेपणा सांभाळून घ्यावा.

प्रथम हा उद्योग अंगावर का घेतला ते सांगते. अमरावतीच्या एका कार्यालयाने भंगारात काढलेले तीन ‘थिन क्लायंट’ मला मिळाले. थिन क्लायंट म्हणजे वहीएवढा लहान, बिनपंख्याचा डबा. त्याला स्वतःची हार्ड डिस्क नसते. दूरच्या मोठ्या यंत्रावर चाललेले काम तो फक्त आपल्यापुढे दाखवतो. बँकांतून, रेल्वेच्या खिडक्यांवर असे डबे तुम्ही पाहिले असतील. पालक-यंत्र गेले की हे डबे अनाथ. त्यातून आमच्या डब्यांच्या आतल्या मूळ प्रोग्रॅमला परवलीच्या शब्दाचे कुलूप होते आणि तो शब्द सांगणारा कोणी उरला नव्हता. पेन ड्राइव्ह लावून दुसरी प्रणाली चालवावी, तर ते कुलूप आड येई.

आमचे गाव मूर्तिजापूरजवळ. बाबा जिनिंगमध्ये हमाली करतात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गावच्या अभ्यासिकेत पोरेपोरी स्पर्धा परीक्षेची पुस्तके वाचतात. पण लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द लागते, ते पुस्तक वाचून येत नाही. बोटे चालवायला कळफलक पाहिजे, समोर पडदा पाहिजे. तालुक्याच्या टायपिंग क्लासला रोज जायचे तर फी आणि वर एस.टी.चे भाडे. माझी चुलत बहीण याच कारणाने दोन वर्षे थांबली आहे. भंगारातले डबे चालू झाले असते तर हा प्रश्न गावातच सुटत होता.

आता मूळ मुद्द्याकडे. संगणकाला वीज मिळताच त्याला स्वतःचे काहीही आठवत नसते. मेमरी किती, ती कशी वापरायची, कळफलक कोठे जोडला आहे, सारेच नवे. हे सर्व त्याला दर वेळी पहिल्यापासून सांगणारा एक लहान प्रोग्रॅम एका चिपमध्ये कायम लिहून ठेवलेला असतो. त्यालाच फर्मवेअर म्हणतात; जुने लोक बायोस म्हणतात. हा प्रोग्रॅम बहुधा कंपनीच्या मालकीचा आणि बंद असतो. तो खुला असावा या हेतूने अमेरिकेतील लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी १९९९ साली ‘लिनक्सबायोस’ नावाचे काम सुरू केले. त्यांना शेकडो संगणकांचा ताफा एकत्र चालवायचा होता, आणि एकेका यंत्रापुढे कळफलक-पडदा घेऊन बसणे शक्य नव्हते. २००८ साली या प्रकल्पाचे नाव ‘कोअरबूट’ झाले. त्याची संहिता कोणीही वाचावी, बदलावी. गंमत पाहा: ज्यांना पडदा नकोच होता, त्यांच्या हातून ही वाट सुरू झाली. पडद्याचे काम तिच्यात मागाहून आले ते यामुळेही असावे, असे मला वाटते.

आमच्या डब्यात एएमडी कंपनीचा ‘जिओड एलएक्स’ हा ५०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि ५१२ मेगाबाइट मेमरी होती. कोअरबूटच्या हल्लीच्या आवृत्त्यांतून जिओड वगळला आहे, म्हणून जुनी आवृत्ती उतरवून घ्यावी लागली. माझे मामा अकोल्याला टी.व्ही. दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानात बसून डब्याची ३२ पायांची चिप हलकेच काढली, तिच्यातील मजकुराची नक्कल करून घेतली आणि मूळ चिप कापसात गुंडाळून डबीत ठेवली. कोअरबूट लिहिले ते दुसऱ्या, विकत आणलेल्या चिपवर. (हे काम करू इच्छिणाऱ्यांनी मूळ चिप पुसू नये. परतीची वाट तीच आहे.)

बटण दाबले. दिवा लागला. पडदा काळा.

“काय वं बाई, हे डब्बं तं मेलेलंच दिसते,” मामा म्हणाले.

पण ते मेलेले नव्हते. डब्याच्या मागे जुन्या पद्धतीचा नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट होता. त्यातून वायर काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर तेथे ओळींवर ओळी येऊ लागल्या: मेमरी सापडली, अमुक यंत्रांग सापडले, पुढचा प्रोग्रॅम सुरू करीत आहे. म्हणजे डबा बोलत होता, पण दाखवत नव्हता. सिरीयल पोर्टला फार थोडे लागते. एका तारेवरून एकामागून एक टिंब-रेघ पाठवावी तसा हा प्रकार. एवढे तर डबा जवळजवळ जागा होतानाच करू शकतो.

पडद्याची मागणी फार मोठी आहे. मामांनी मॉनिटरच्या पंधरा पिनांच्या जोडणीतील तेराव्या पिनेवर ऑसिलोस्कोप लावला आणि मान हलवली. “सिंकच येऊन नाही राह्यलं. पडद्याचा दोष नाही, त्याले कोणी काही सांगूनच नाही राह्यलं.” टी.व्ही.वाल्यांना ही भाषा पक्की ठाऊक असते. आपल्याकडच्या जुन्या टी.व्ही.त सेकंदाला १५,६२५ आडव्या रेघा ओढल्या जात, आणि प्रत्येक रेघ कोठे सुरू करायची याची खूण सोबत येई. ती खूण म्हणजे सिंक. संगणकाच्या साध्या ६४० गुणिले ४८० ठिपक्यांच्या चित्रातही हेच चालते, फक्त वेग दुप्पट. दर रेघेला दिसणारे ६४० ठिपके, आणि रेघ संपवून परत फिरायला लागणारा वेळ धरून एकूण ८००. रेघा दिसतात ४८०, हिशेबात ५२५. असे चित्र सेकंदाला ६० वेळा काढायचे. ८००, ५२५ आणि ६० यांचा गुणाकार दोन कोटी बावन्न लाख होतो. म्हणजे दर सेकंदाला सुमारे अडीच कोटी ठिपके अचूक ताल धरून बाहेर पडले पाहिजेत. कोणीतरी चिपमधील घड्याळ त्या वेगाला लावले पाहिजे, रेघांचे आकडे तिच्या रकान्यांत भरले पाहिजेत, आणि चित्र मेमरीत कोठे ठेवले आहे ते सांगितले पाहिजे. जिओडला चित्रासाठी स्वतंत्र मेमरी नाही. मुख्य मेमरीतूनच उसनवारी करावी लागते.

हे ‘कोणीतरी’ म्हणजे दृश्य-बायोस. मूळ फर्मवेअरच्या पोटात हा आणखी एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याच्या आरंभी ५५ आणि एए अशी दोन खुणेची अक्षरे असतात. ती ओळखून फर्मवेअर त्याला मेमरीत सी०००० या ठरावीक पत्त्यावर बसवते आणि एकदा चालवते. की पडदा पेटला. कोअरबूटमध्ये हा प्रोग्रॅम आपोआप येत नाही. तो बहुधा पडद्याची चिप करणाऱ्या कंपनीचा असतो आणि त्याची संहिता बंद असते. पुष्कळ लोक मूळ चिपमधून तेवढा तुकडा उचलून नव्या फर्मवेअरला जोडतात. स्वतःच्या यंत्रापुरते ते चालून जाते. पण सारे घर नवे बांधून दरवाजाला तेवढे जुनेच कुलूप ठेवावे, तशातली ती गत. मला ते रुचले नाही.

जिओडच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. आपल्या वऱ्हाडात बहुरूपी येतो. कधी पोलीस होतो, कधी डॉक्टर. जिओडमध्ये ‘व्हीएसए’ नावाचा असाच एक बहुरूपी असतो. संगणकातील प्रत्येक यंत्रांगाने ‘मी कोण’ याची ठरावीक माहिती द्यावी असा नियम आहे. जिओडमधील काही अंगांकडे ती माहिती नसतेच. प्रणालीने विचारणा केली की प्रोसेसर क्षणभर थांबतो, व्हीएसए हळूच पुढे येऊन त्या अंगाच्या वतीने उत्तर देतो आणि पुन्हा लपतो. विचारणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पडद्याच्या मेमरीची वाटणीही याच्याच मार्फत होते. पुढे एएमडीने त्याची संहिता खुली केली, हे त्या कंपनीचे चांगले काम म्हणावे लागेल.

या बहुरूप्याला पार हाकलून देण्याचा प्रयोगही झाला, आणि ते यंत्र आपल्या महाराष्ट्रात येऊन गेले आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचे हिरवे-पांढरे ‘एक्सओ’ यंत्र वयस्क वाचकांना आठवत असेल. २००७ साली रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात या लहानशा वस्तीच्या एकशिक्षकी शाळेत ते मुलांच्या हाती दिले गेले. भारत सरकारने मोठ्या प्रमाणावर ही योजना घेतली नाही. तो वाद येथे नको. आपल्या कामाची गोष्ट अशी की त्या यंत्रातही जिओडच होता, ४३३ मेगाहर्ट्‌झचा, आणि साडेसात इंचांचा पडदा भर उन्हात वाचता येई. त्याचे फर्मवेअर आरंभी लिनक्सबायोसवर उभे होते. पुढे मिच ब्रॅडली यांचे ‘ओपन फर्मवेअर’ आले. तेही खुलेच. ब्रॅडली यांनी व्हीएसए वगळला. जी उत्तरे बहुरूपी देत असे, ती लिनक्सच्या गाभ्यातच या यंत्रापुरती लिहून ठेवण्यात आली. ती संहिता कोणालाही वाचता येते. खैरातच्या मुलांनी बटण दाबल्यावर जो पडदा पेटे, त्यामागे कोणाचाही बंद दृश्य-बायोस नव्हता. जे कर्जतला होऊ शकले ते मूर्तिजापूरला का नाही, असे माझ्या मनाने घेतले.

उपाय सापडला तो ‘सीबायोस’ या मुक्त प्रोग्रॅममध्ये. कोअरबूट यंत्र जागे करते आणि पुढची सूत्रे सीबायोसकडे देते. पेन ड्राइव्ह शोधणे, मेनू दाखवणे ही कामे त्याची. त्याच्याच संहितेत दृश्य-बायोसचा एक मुक्त अवतार आहे, आणि त्यात जिओडसाठी खास प्रकरण आहे. ते प्रथम लिहिले २००९ साली, उन्हाळी उपक्रमात भाग घेतलेल्या एका विद्यार्थ्याने. पुढे इतरांनी ते पुरे केले. मी ते ओळीओळीने वाचले. सर्व कळले असे म्हणणार नाही. पण वर सांगितलेले ८०० आणि ५२५ हे आकडे रकान्यांत कसे भरले जातात, ते समोर दिसते. बंद दृश्य-बायोस असा वाचता येत नाही. जिओडचा पर्याय निवडून तो भाग तयार केला, चिपमध्ये दृश्य-बायोससाठी ठेवलेल्या कप्प्यात घातला, आणि चिप पुन्हा लिहिली. या वेळी तेराव्या पिनेवर ठोके आले. मामांनी ते मोजले, साडेएकतीस किलोहर्ट्‌झच्या आसपास भरले. मगच त्यांनी मॉनिटर लावला. पडद्यावर सीबायोसची पांढरी ओळ होती.

कोणी विचारील, लिनक्स सुरू झाले की त्याचा स्वतःचा जिओड-चालक पडदा पेटवू शकतो. मग मधल्या या खटाटोपाची गरज काय? गरज आहे. पेन ड्राइव्ह सैल बसला, कळफलक लागला नाही, तर लिनक्सपर्यंत गोष्ट जातच नाही. अशा वेळी काळ्या पडद्यापुढे बसलेल्या पोराने काय समजावे? ‘डबा बिघडला’ एवढेच.

मराठीच्या विद्यार्थिनीला येथे एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. त्या पहिल्या अक्षर-पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी मावतात. प्रत्येक अक्षराला दोन बाइट, एक अक्षराचा व एक रंगाचा; सारा पडदा ४,००० बाइटांत, बी८००० या पत्त्यावर. अक्षरांचे साचे मात्र २५६च, आणि त्यांत देवनागरी एकही नाही. नुसते साचे बदलूनही भागत नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या आधी काढावी लागते, जोडाक्षरे जुळवावी लागतात, ठरल्या चौकटीत एक अक्षर ठेवण्याची ती रीत आपल्या लिपीला जमत नाही. यावर १९८० च्या दशकात उपाय निघाला. आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेले ‘जिस्ट’चे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवले. (सी-डॅकची स्थापना १९८८ ची.) जिस्ट कार्ड संगणकात बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅमही भारतीय लिप्या दाखवीत; कारण अक्षर पडद्यावर उमटण्याच्या वाटेवरच ते कार्ड बसलेले असे. पुढे चित्र-पडदे आले, लिपी जुळवण्याचे काम प्रणाली करू लागली आणि त्या कार्डाची गरज संपली. आमच्या डब्यातही पहिली ओळ इंग्रजी आहे. लिनक्स चढल्यावर पडदा चित्राचा होतो आणि मग मराठी नीट दिसते, वेलांटीसकट.

या डब्यांकडून फार अपेक्षा ठेवू नये. त्यांवर आजची संकेतस्थळे उघडत नाहीत म्हटले तरी चालेल. डेबियन लिनक्सची २०२३ साली आलेली बारावी आवृत्ती जिओडवर चालत नाही, म्हणून अकरावी घातली आहे. आणि ती जुनी असल्यामुळे डबे इंटरनेटला जोडायचे नाहीत असा अभ्यासिकेत नियम केला आहे. टंकलेखनाचा सराव, एक शब्दकोश आणि साधे लेखन, एवढेच त्यांचे काम. वीज मात्र अगदी थोडी खातात. उन्हाळ्यात भारनियमन झाले तर मामा जुन्या बॅटरीवर चालवून पाहणार आहेत.

दोन डबे दिवाळीनंतर गावी गेले. तिसऱ्याचा मेमरीचा कप्पा गंजला असल्याने तो अजून अकोल्यालाच आहे. मॉनिटर दोन्ही जुने, एकाच्या डाव्या कडेला पिवळट झाक आहे. चुलत बहीण रोज सायंकाळी सातला बसते. परवा मोजले तेव्हा तिचे मराठी मिनिटाला २२ शब्द भरले.