बडोद्याची आया आणि खिशातला हेर

हेरगिरीत बडोद्याला कुणी काही शिकवायला नको. ९ नोव्हेंबर १८७४. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांनी सकाळी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, चव बरी लागेना म्हणून बाकीचं फेकून दिलं, आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. मुंबईला तपासणी झाली: सोमल आणि हिऱ्याची पूड. संशय थेट बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर. त्यांच्या बचावाला लंडनहून सार्जंट बॅलन्टाईन आले. सहा जणांच्या चौकशी आयोगात तीन इंग्रज म्हणाले दोषी. ग्वाल्हेरचे शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना ते पटलं नाही. मल्हाररावांची गादी तरी गेलीच, आणि १८७५ च्या मे महिन्यात नाशिककडच्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक येऊन सयाजीराव झाला.

हे सगळं इतिहासात आहेच. पण त्या खटल्यातली खरी चटकदार गोष्ट विषाची नाहीच. महाराज रेसिडेन्सीतल्या नोकरांना पैसे देऊन आतल्या बातम्या काढतात, असा आरोप होता. आया अमीना, हवालदार रावजी, जमादार नरसू अशी मंडळी साक्षीला उभी राहिली. आपण रात्री महाराजांना भेटून आल्याचं आयेनंच सांगितलं. घरभर वावरणारं, सगळं कानावर पडणारं आणि कुणाच्या लक्षातही न येणारं माणूस! मोबाइलमधलं हेर-सॉफ्टवेअर म्हणजे हीच आया. फरक इतकाच की हिला रोज रात्री आपणच चार्जिंगला लावतो.

आता आयेला आत घ्यायला राजवाड्याचे पैसेही लागत नाहीत, लग्नसराई पुरते. व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ येते. बडोद्यात एकाच कार्याची पत्रिका मराठीत आणि कंकोत्री गुजरातीत निघते, त्यामुळे ‘ही कोणाकडची?’ म्हणून उघडून बघण्याचा मोह दुप्पट. फाइलच्या नावाचा शेवट मात्र ‘डॉट एपीके’. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, हल्ली ढोलताशांचा व्हिडिओही असतो. एपीके कधीच नसते. एपीके म्हणजे अख्खं ॲप. ते बसलं की आधी एसएमएस वाचायची परवानगी मागतं, म्हणजे बँकेचा ओटीपी तुमच्याआधी भामट्याला दिसतो. पुढची मागणी ‘ॲक्सेसिबिलिटी’ची. ही सोय मुळात दृष्टिहीनांना स्क्रीन वाचून दाखवण्यासाठी केलेली. भामट्याच्या हाती गेली की तो स्क्रीन वाचतो आणि बटणंही दाबतो. मग तीच पत्रिका तुमच्या नावानं तुमच्या सगळ्या ग्रुपांवर जाते. मामी विचारते, ‘अरे, कुणाचं लग्न?’ आरटीओच्या चलनाच्या नावानं येणारी फाइल हिचीच बहीण. कुणी उघडलीच असेल तर आधी नेट बंद, मग दुसऱ्या फोनवरून सायबर हेल्पलाइन १९३० आणि बँक. ग्रुपवर माफी नंतर मागता येते.

या हेरांची दुसरी जात घरगुती. ‘मुलांवर लक्ष ठेवा’ म्हणून विकतात आणि घेणारे बरेचदा नवरा-बायको. बसवायला पाच मिनिटं फोन हातात आला की पुरे. पुढे आयकॉनही दिसत नाही. गंमत अशी की हे पहारेकरी स्वतःचं दार उघडं टाकून झोपतात. ‘एमस्पाय’ या कंपनीचा ग्राहकांचा डेटा २०१५, २०१८ आणि २०२४ असा तीनदा बाहेर आला: बायकोच्या फोनवर डोळा ठेवणाऱ्याचंच नाव चव्हाट्यावर! अमेरिकेत ‘स्पायफोन’ या अशाच ॲपवर २०२१ मध्ये बंदीच आली. आपल्याकडे असं चोरून बसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्नाचा दाखला इथे सवलत देत नाही.

आणि मग तिसरी जात: पेगॅसस. बनवणाऱ्या इस्रायली कंपनीचं नाव एनएसओ: निव, शालेव, ओमरी या तिघा संस्थापकांची आद्याक्षरं. २०१९ च्या एप्रिल-मेमध्ये पेगॅससनं व्हॉट्सॲप कॉलमधून सुमारे १,४०० फोन गाठले. कॉल उचलायचीही गरज नव्हती. भारतातले १२१ जण लक्ष्य झाल्याचं व्हॉट्सॲपनं सरकारला कळवलं; नागपूरचे वकील निहालसिंग राठोड आणि प्रा. आनंद तेलतुंबडे यांनाही तसा निरोप आला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या समितीनं २९ फोन तपासले. पाचांत काहीतरी घातक सापडलं, ते पेगॅससच असं सिद्ध झालं नाही, आणि केंद्र सरकारनं समितीला सहकार्य केलं नाही.

पेगॅससची एक करामत तर दाद द्यावी अशी, राग येत असला तरी. २०२१ मध्ये आयफोनवर जीआयएफसारखी दिसणारी फाइल यायची. आत पीडीएफ. त्यात जुन्या फॅक्स-स्कॅनरच्या काळातली चित्र आकसण्याची एक पद्धत, आणि त्या पद्धतीच्या आज्ञा वापरून सत्तर हजारांहून जास्त तार्किक क्रियांचा छोटा संगणक उभा केलेला! चित्राच्या पोटात संगणक. गूगलच्या संशोधकांनी तो उलगडला तेव्हा तेही चकित झाले.

  

पेगॅसससारख्या महागड्या हेरावर एक फुकटचा उतारा अमेरिकेच्या एनएसए या खुद्द हेरसंस्थेनं २०२० मध्ये सांगितला: आठवड्यातून एकदा फोन बंद करून पुन्हा चालू करा. अशी बरीच सॉफ्टवेअरं फक्त चालू मेमरीत राहतात, रीस्टार्ट झालं की पुसली जातात आणि हेराला पुन्हा पहिल्यापासून आत शिरावं लागतं. पत्रिकेतून आलेली आया मात्र रीस्टार्टला दाद देत नाही. तिला नाव शोधून ‘अनइन्स्टॉल’च करावं लागतं, आणि त्याआधी तिची ॲक्सेसिबिलिटी काढून घ्यावी लागते, नाहीतर ती ते बटण दाबूच देत नाही.