आधी मीटर, मग डाग

फेंडर कंपनीचा ‘डिलक्स रिव्हर्ब’ हा गिटारचा अँप्लिफायर 1963 साली बाजारात आला. 9 व्हॉल्व्ह, 12 इंची एकच स्पीकर आणि ताकद जेमतेम 22 वॅट. तरीही त्या दशकातल्या चालू स्थितीतल्या डिलक्ससाठी वादक आजही मोठी रक्कम मोजतात. त्यामुळे तो घुमू लागला, खरखरू लागला किंवा मुका झाला की दुरुस्तीवरून दोन तट पडतात. एक तट म्हणतो, साठ वर्षांचे कंडेन्सर आणि रेझिस्टन्स सरसकट उपटा आणि नवे बसवा. दुसरा म्हणतो, मूळ मालाला हातच लावू नका. मीटर हातात न घेताही ही दोन्ही मते बनवता येतात, तिथेच ती फसतात. माझे म्हणणे असे की, या यंत्रातला भाग काढण्याआधी त्याच्याविरुद्ध पुरावा हवा, आणि तो मिळवण्याची सोय यंत्राच्या रचनेतच आहे.

ही सोय योगायोगाने आलेली नाही. लिओ फेंडर हिशेबाचे काम शिकलेले, पण पोट भरत होते रेडिओ दुरुस्तीवर. 1938 साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्यांनी दुरुस्तीचे दुकान काढले, अँप्लिफायरची कंपनी नंतरची. दुरुस्ती करणाऱ्याच्या मनात काय असते ते डिलक्सचे पोट उघडले की दिसते. काळ्या फायबरच्या पट्टीवर धातूच्या बांगड्या ठोकलेल्या, त्यांत एकेक भाग आडवा बसवलेला, कुठलाही डाग दुसऱ्या भागाखाली लपलेला नाही. पेटीच्या आत कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो त्याचा तक्ता चिकटवलेला. सर्किटच्या नकाशावर जागोजागी किती व्होल्ट अपेक्षित आहेत तेही छापलेले, आणि शेजारी तळटीप : अधिक-उणे 20 टक्के. हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. कारखान्यातून नव्याने निघालेल्या यंत्रातही एवढा फरक चालत होता, मग रेझिस्टन्स 8 टक्के सरकला म्हणून त्याला कापून काढणारा कोणाला खूश करतो?

पहिली चौकशी कानानेच होते. डिलक्सला दोन चॅनेल आहेत, आणि ते शेवटच्या टप्प्याआधी एकत्र येतात. खरखर एकाच चॅनेलवर असेल तर निम्मे यंत्र संशयातून सुटले. दोन्हींचे व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही घरघर उरली, तर दोष त्यांच्या पुढे, पॉवर व्हॉल्व्हकडे किंवा सप्लायमध्ये. घरघरीचा सूरही बोलतो. अमेरिकेतल्या 60 हर्ट्झच्या विजेवर फिल्टर कंडेन्सर सुकला की 120 हर्ट्झचा सूर येतो, मुंबई-पुण्यात तोच बिघाड 100 वर गुणगुणतो. निम्म्या सुराची घरघर आली तर आधी फिलामेंटच्या तारांकडे बघावे. लाकडी काडीने व्हॉल्व्हवर टिचकी मारली आणि स्पीकरमधून टण्ण आवाज आला, तर तो व्हॉल्व्ह आतून सैल झाला आहे.

त्यानंतर मीटर. सुरुवातीच्या टप्प्यात सप्लाय आणि व्हॉल्व्हची प्लेट यांच्यामध्ये 1 लाख ओहमचा रेझिस्टन्स असतो. समजा सप्लायच्या टोकाला 270 व्होल्ट आहेत आणि प्लेटवर 180. मधले 90 व्होल्ट सांगतात की 0.9 मिलिअँपिअर करंट वाहतो आहे, व्हॉल्व्ह काम करतो आहे. प्लेटवरही 270 च आले तर करंट वाहतच नाही : व्हॉल्व्ह मेला, किंवा कॅथोडचा रेझिस्टन्स तुटला. प्लेटवर जवळजवळ काहीच नसेल तर संशय प्लेटच्या रेझिस्टन्सवर. दोन जागी मीटर टेकवून एवढा उलगडा होतो, तोही एकही भाग न काढता. इथे 400 हून अधिक व्होल्ट खेळतात आणि स्विच बंद केल्यावरही ते कंडेन्सरमध्ये बसून राहतात. म्हणून बंद यंत्रात हात घालण्याआधी कंडेन्सर रेझिस्टन्समधून रिकामे करायचे, आणि चालू यंत्रात मोजताना एक हात खिशात ठेवायचा.

सरसकट बदलणाऱ्यांचा युक्तिवाद असा की, शोधत बसण्यापेक्षा सगळे बदलणे स्वस्त, आणि आज न बिघडलेला भाग उद्या बिघडेलच. वेळेचा हिशेब खोटा नाही. पण पॉवर व्हॉल्व्ह लालभडक तापतो ती केस बघा. फेज इन्व्हर्टरच्या, म्हणजे पॉवर व्हॉल्व्हच्या अगदी आधीच्या व्हॉल्व्हच्या, प्लेटवर 235 व्होल्ट धरा, पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे त्याचा करंट आवरणाऱ्या जाळीवर, उणे 35, आणि मध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. ग्रिडपासून बायसच्या, म्हणजे हे उणे व्होल्ट देणाऱ्या, सप्लायपर्यंत 2 लाख 20 हजार ओहम. कंडेन्सरमधून 2 कोटी ओहमइतकी गळती सुरू झाली तर ग्रिड सुमारे 3 व्होल्टने वर सरकते. गळती 20 लाख ओहमवर आली की उणे 35 चे उणे 8 होतात आणि व्हॉल्व्ह स्वतःला जाळून घेतो. घाईने नवे व्हॉल्व्ह लावणाऱ्याचे तेही जळतात. पहिली, बारीक गळती तर साध्या मीटरच्या ओहमच्या पट्टीवर नीट दिसतही नाही, कारण ते मीटर काही व्होल्टच लावते. ती चालू यंत्रात, ग्रिडवरचा आकडा वाचूनच पकडावी लागते. सगळे भाग एकदम बदलले तर हा कंडेन्सरही जाईल, हे खरे. पण शंभरेक नवे डाग पडतील, त्यातला एखादा कच्चा निघेल, आणि कोणत्या बदलाने काय झाले हे कोणालाच सांगता येणार नाही.

मूळ माल जपणाऱ्यांना मात्र दोन ठिकाणी मुळीच सूट देता येत नाही. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आत रसायन असते आणि ते वर्षांबरोबर सुकते, यंत्र वापरा अथवा कपाटात ठेवा. असा कंडेन्सर शॉर्ट झाला तर रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरही सोबत जाऊ शकतात. काही कंडेन्सर वाचवायला मूळ ट्रान्सफॉर्मर पणाला लावणे ही जपणूक कसली? इथे वय हाच पुरावा. दुसरी जागा दोन पिनांची वायर आणि तिच्याबरोबरचा, मेन्स आणि चासी यांच्यामधला कंडेन्सर. तो शॉर्ट झाला की चासी थेट विजेला जोडली जाऊ शकते. चासीला गिटारच्या तारा जोडलेल्या, आणि गायकाचे ओठ अर्थ केलेल्या मायक्रोफोनवर. तो कंडेन्सर काढावा, तीन पिनांची वायर लावावी, अस्सलपणाची चर्चा नंतर. बराच काळ बंद असलेले यंत्र सुरू करताना आपल्याकडच्या रेडिओ मेकॅनिकचा सिरीज लॅम्प उपयोगी पडतो : बल्ब झगझगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि फ्यूजही वाचला. अमेरिकेतून आणलेला डिलक्स 117 व्होल्टचा, म्हणजे इथे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागणारच. शिवाय 50 हर्ट्झवर त्याचा मूळ ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, कारण तो 60 साठी गुंडाळलेला आहे.

उरलेला आक्षेप अधिक नाजूक आहे : जुन्या रेझिस्टन्सचे मूल्य सरकणे हाच त्या यंत्राचा आवाज, तो का पुसायचा? मलाही तो पुसायचा नाही. 1 लाखाचा कार्बनचा रेझिस्टन्स 1 लाख 15 हजारांवर गेला आणि शांत आहे, तर राहू द्यावा. तोच काहीच न वाजवता चुरचुरत असेल तर तो आवाज वादकाचा नाही. मात्र कधी सगळे भाग निर्दोष निघतात आणि खरखर तशीच राहते. मग मीटरचे टोक भागांवरून काढून नुसत्या पट्टीवर, जिथे काहीच जोडलेले नाही तिथे टेकवावे. काही व्होल्ट दिसले तर दोषी ती काळी फायबरची पट्टीच : दशकानुदशके ओल शोषून ती वीज वाहू लागलेली असते, आणि मुंबई-गोव्याच्या पावसाळी हवेत तर याची शक्यता धरूनच चालावे. अशा यंत्रात सगळे कंडेन्सर-रेझिस्टन्स नवे घातले तरी काही फरक पडत नाही. पट्टीला हलकी ऊब देऊन ती वाळवावी आणि पुन्हा मोजावे. आकडा खाली आला नाही, तर ग्रिडकडे जाणारे नाजूक जोड तेवढे पट्टीवरून उचलून अधांतरी बांधावेत, बाकीचे डाग जसेच्या तसे ठेवून.