मास्तरांचे उत्पादन किती?

कांद्याचे मोल लासलगावच्या बाजारात ठरते. पण तिसरीतल्या पोराला पाढे येऊ लागले, किंवा तापाने फणफणलेले मूल चौथ्या दिवशी अंथरुणात उठून बसले, तर राज्याच्या उत्पन्नात किती रुपयांची भर पडली म्हणायची? प्रश्न विचित्र खरा. पण राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाला त्याचे उत्तर दरवर्षी द्यावेच लागते. अर्थसंकल्पाच्या तोंडावर ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ नावाचा जाडजूड ग्रंथ निघतो, त्यात ते दडलेले असते. दडलेलेच म्हणायचे, कारण २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत शिक्षण आणि आरोग्य ‘इतर सेवा’ या गाठोड्यात बांधलेले होते, आणि त्याच गाठोड्यात न्हावी आणि धोबीही होते!

मी पस्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली आणि आता देवळाली कॅम्पात हवा खात बसलो आहे. लॅम रोडवर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांना एकदा सरळच विचारले, “रावसाहेब, तुमच्या हिशेबात माझे उत्पादन किती धरले होते हो?”

“तुमचा पगार होता तेवढे,” काठी टेकीत ते म्हणाले.

“आणि मी वर्गात झोपा काढल्या असत्या तर?”

“तरी तेवढेच!”

चेष्टा वाटेल, पण हिशेबाची रीतच तशी आहे. सरकारी शाळेत आणि सरकारी दवाखान्यात मोल देऊन कोणी काही विकत घेत नाही. किंमतच नाही, तर उत्पादनाचे मोल काढायचे कसे? म्हणून खर्च तेच मोल, असे जगभर बहुतेक ठिकाणी मानीत आले. मास्तरांचे, डॉक्टरांचे, परिचारिकांचे पगार घ्यायचे, इमारतीची आणि यंत्रांची वर्षभराची झीज मिळवायची, की झाले. खासगी शिकवण्या आणि छोटे दवाखाने यांचे मोल मात्र नमुना पाहण्यांवरून बांधतात: माणसे किती, आणि माणशी उत्पन्न किती. तोफखान्याच्या शाळेसारख्या आमच्या कॅम्पातल्या लष्करी संस्था पडल्या केंद्र सरकारच्या. केंद्राच्या प्रशासनाचे उत्पन्न तर साऱ्या देशाचे एकत्र काढून मग राज्याराज्यांत वाटतात.

आमच्या गावाला ही रीत अगदी शोभते. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहात गोरे सोल्जर इथल्या छावणीत महिनोन्महिने पडून राहात. कंटाळून काहींचे डोके फिरे. त्यावरूनच वेडसराला ‘डूलाली’ म्हणणारा शब्द देवळालीने इंग्रजीला दिला. आता पगारानेच मोजायचे तर त्या वाट पाहण्याचेही उत्पादन झालेच की!

२०२० साली या पद्धतीची खरी परीक्षा झाली. मार्चमध्ये शाळांना कुलपे लागली. आमच्याकडे पगार चालू राहिले, म्हणून सरकारी शाळांचे उत्पादनही कागदावर चालूच राहिले. ब्रिटनमध्ये मात्र तसे झाले नाही. सर अँथनी ॲटकिन्सन यांच्या २००५ च्या अहवालाने तिथे पगाराऐवजी प्रत्यक्ष काम मोजण्यावर भर दिला होता: किती मुले शिकली, किती रुग्णांवर उपचार झाले. मुले वर्गात नाहीत म्हटल्यावर तिथला शिक्षणाचा आकडा घसरला आणि राष्ट्रीय उत्पन्नाला आणखी खाली घेऊन गेला. मला तो घसरलेला आकडाच अधिक प्रामाणिक वाटतो. रावसाहेब मान हलवतात. म्हणतात, “डोकी मोजणे सोपे. पण साठ मुलांच्या वर्गाला तीस मुलांच्या वर्गाच्या दुप्पट उत्पादन म्हणाल काय?” यावर मी गप्प बसलो, कारण साठांचे वर्ग मी घेतले आहेत.

आकड्यांचा हा खेळ निव्वळ पंडिती नव्हे. राज्याने कर्ज किती काढावे याची मर्यादा राज्याच्या उत्पन्नाच्या टक्क्यांत ठरते. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना वाटताना ४५ टक्के भार दरडोई उत्पन्नातील अंतरावर ठेवला होता. म्हणजे कागदावर श्रीमंत दिसावे, तर वाटा कमी. राज्याने सातवा वेतन आयोग २०१९ मध्ये, १ जानेवारी २०१६ पासून लागू धरून दिला. एकही मूल अधिक न शिकता चालू किमतींनी शिक्षणाचे उत्पादन तेवढे वाढले. स्थिर किमतींच्या हिशेबात ती सूज उतरवतात, पण कर्जाची मर्यादा चालू किमतींवरच बेततात.

उलट बाजूला आशाताई. भर उन्हात घरोघर हिंडायचे, बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायचे, लसीचा दिवस चुकू द्यायचा नाही, आणि हे सारे तुटपुंज्या मानधनावर. खर्च तेच मोल म्हटले, की त्यांचे काम आपोआप हलके ठरते. आमच्या फिरायच्या वाटेवर एक आशाताई रोज भेटतात. परवा रावसाहेबांनी हा सारा हिशेब त्यांना समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग काका, मानधन वाढवले तर सरकारचेच उत्पन्न वाढेल ना?”

रावसाहेब म्हणाले, “आमच्या पुस्तकात तरी वाढेल.”