अरण्यांतील रस्ता कोणाचा?

प्रवासाचे प्रकार अनेक आहेत. कोणी आगगाडीनें जातो, कोणी मोटारींतून जातो, कोणी श्रद्धेनें पायीं वारी करितो. परंतु तरुण मनास जी मोहिनी मोटारसायकल घालते, ती दुसरें कोणतेंहि वाहन घालीत नाहीं. आमच्या वाडवडिलांनीं तिला ‘फटफटी’ असें सार्थ नांव ठेविलें होतें. तिला भिंत नाहीं, छप्पर नाहीं, कांच नाहीं. वारा, ऊन, धूळ आणि रानफुलांचा सुगंध सरळ स्वाराच्या अंगावर येतो. दूर आफ्रिका खंडांत सिंह, हत्ती आणि जिराफ यांच्या वसतिस्थानांजवळून सुटीच्या दिवशीं मोटारसायकलींचे तांडे जातात, याचीं चित्रें पुष्कळांनीं पाहिलीं असतील. तशी सहल करण्याची हौस आम्हां सहा मित्रांसहि झाली. तिच्यासाठीं समुद्र ओलांडण्याचें कारण पडलें नाहीं. आपल्या गोंदिया जिल्ह्यांतील कोहमारा हें गांव आम्हांस पुरेसें झालें. त्या दोन दिवसांत मला जो धडा मिळाला, तो विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम या स्थळाची माहिती करून घेऊं. कोहमारा हें सडक-अर्जुनी तालुक्यांतील एक लहानसें गांव असून मोठ्या चौकासाठीं प्रसिद्ध आहे. मुंबई-कोलकाता महामार्ग येथून पूर्व-पश्चिम जातो. पूर्वीं त्याचा क्रमांक ६ होता, आतां तो ५३ आहे. पश्चिमेस गेल्यास साकोली, भंडारा व नागपूर लागतें. पूर्वेस देवरी व पुढें रायपूर. उत्तरेकडील रस्ता गोरेगांवावरून गोंदियास जातो आणि दक्षिणेकडील नवेगांवबांधास. माणसांच्या दृष्टीनें हा चार वाटांचा चौक होय. परंतु वन्यप्राण्यांच्याहि वाटा याच मुलुखांतून जातात, आणि त्यांच्या वाटांवर पाट्या नसतात.

महामार्गाच्या उत्तरेस नागझिऱ्याचें अरण्य आहे. तें १९७० सालीं अभयारण्य झालें. दक्षिणेस नवेगांवचें अरण्य आहे. त्यास १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पुढें नवें नागझिरा, कोका व नवेगांव हीं अभयारण्यें त्यांस जोडण्यांत आलीं आणि डिसेंबर २०१३ मध्यें या सर्वांचा मिळून नवेगांव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्याचा गाभा ६५० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू आणि मोह हे येथील मुख्य वृक्ष. वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्रा, गवा, सांबर, चितळ, नीलगाय व चौशिंगा हे येथील रहिवासी. मात्र हा प्रकल्प एका सलग वस्त्राप्रमाणें नाहीं. त्याचे तुकडे निरनिराळे आहेत, आणि त्यांस जोडणाऱ्या वनपट्ट्यांवरून आपले रस्ते गेले आहेत.

हे वनपट्टे कशासाठीं हवेत? वाघाचा नर वयांत आला म्हणजे त्यास आईचें क्षेत्र सोडून नवें क्षेत्र शोधावें लागतें. तसें न झाल्यास एकाच जागीं भांडणें वाढतात आणि रक्ताच्या नात्यांत संतति होऊन वंश दुबळा होतो. ‘जय’ नांवाचा विख्यात वाघ नागझिऱ्यांत वाढला आणि २०१३ सालीं रस्ते, नद्या व गांवें ओलांडीत शंभराहून अधिक किलोमीटर चालून उमरेड-करांडला अभयारण्यांत पोहोंचला. २०१६ नंतर तो कोणास दिसला नाहीं. उलट, नागझिऱ्यांत वाघिणींची उणीव भासूं लागली, तेव्हां मे २०२३ मध्यें ब्रह्मपुरीच्या जंगलांतून दोन वाघिणी आणून येथें सोडण्यांत आल्या. वाघ एका वनांतून दुसऱ्या वनांत सुखरूप जाऊं शकला, तरच असे प्रयत्न फळास येतील. म्हणजे या साऱ्या खटाटोपाचें यश कांहीं अंशीं डांबरी रस्त्याच्या त्या थोड्या हात रुंदीवर अवलंबून आहे!

आतां आमच्या सहलीकडे वळूं. यंदाच्या फेब्रुवारी महिन्यांत एका शनिवारीं तीन मोटारसायकली घेऊन आम्ही गोंदियाहून निघालों. दुपारीं निघण्याचा बेत होता. परंतु एका गाडीच्या चाकांतील हवा गेली आणि निघण्यास चार वाजून गेले. आमच्यांतील सर्वांत वडील मित्र पुढें होते. गोरेगांव मागें पडतांच त्यांनीं वेग चाळीसवर आणिला. सूर्य मावळतीस आलेला, कोहमारा अद्यापि दूर, आणि त्यांची ती बैलगाडीची चाल! माझा धीर सुटला. मुरदोलीच्या जंगलांत मीं त्यांस मागें टाकिलें आणि वेग साठावर नेला.

एका वळणापुढें एक चितळी रस्ता ओलांडून गेली. मीं वेग किंचित् कमी केला. ती झाडींत दिसेनाशी होतांच ‘आतां वाट मोकळी झाली’ असें समजून पुन्हां वाढविला. त्याच क्षणीं दुसरी चितळी आली, आणि तिच्या मागोमाग एक लहानसें पाडस येऊन थेट दिव्याच्या झोतांत उभें राहिलें. तें पुढें जाईना, मागें हटेना. मीं सर्व शक्तीनें ब्रेक दाबला. मागील चाक फरफटत गेलें, गाडी आडवी झाली आणि आम्ही दोघे रस्त्यावर आपटलों. माझा गुडघा सोलून निघाला. माझ्या मागें बसलेल्या मित्राचें मनगट दुखावलें. पाडस आमच्यापासून दोन हातांवर थरथरत उभें होतें. मागून आलेल्या वडील मित्रांनीं प्रथम कोणतें काम केलें असेल? त्यांनीं माझ्या गाडीचा दिवा मालविला. अंधार होतांच पाडसास वाट सांपडली आणि तें आईमागें झाडींत शिरलें. मग त्यांनीं आम्हांस हात देऊन उठविलें. ते मला एक शब्दहि बोलले नाहींत. तेंच मला अधिक लागलें.

दिव्याच्या उजेडांत मीं चाकाच्या फरफटीचा काळा पट्टा पावलांनीं मोजला. तो सव्वीस पावलें भरला. तो इतका लांब कां, याचा उलगडा गणितानें होतो. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तो स्वतः करून पाहावा. स्वारास प्राणी दिसल्यापासून त्याचा हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारणतः एक सेकंद जातो. त्या सेकंदांत गाडी मूळच्याच वेगानें धांवत असते. रस्ता कोरडा असून ब्रेक उत्तम असले, तर दर सेकंदास सुमारें ६ मीटर प्रतिसेकंद इतका वेग घटतो असें धरूं. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी पहिल्या सेकंदांत ११ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी १० मीटर. एकूण २१ मीटरांत थांबते. ताशीं ६० किलोमीटर वेगास हेंच अंतर ४० मीटर होतें, आणि ८० किलोमीटर वेगास ६३ मीटर. वेग दुप्पट झाला म्हणजे ब्रेक लागल्यानंतरचें अंतर दुप्पट होत नाहीं, तें चौपट होतें. त्यांत रस्त्यावर वाळलेलीं सागाचीं पानें वा वाळू असली, तर तें याहूनहि वाढतें. रात्रीं दिव्याचा खालचा झोत फार दूर जात नाहीं. म्हणजे वेगानें जाणारा स्वार जें पाहतो, तें दिसण्यापूर्वींच त्याची थांबण्याची वेळ टळून गेलेली असते.

पाडस पळालें कां नाहीं, हाहि प्रश्न विचारण्यासारखा आहे. हरिण, वाघ, बिबट्या इत्यादि प्राण्यांच्या डोळ्यांतील पडद्यामागें एक चकाकणारा थर असतो. तो अंधुक प्रकाश परतवून पुन्हां उपयोगास आणितो. म्हणून त्यांस अंधारांत आपल्यापेक्षां चांगलें दिसतें आणि दिव्यांत त्यांचे डोळे निखाऱ्यांसारखे चमकतात. परंतु अंधारास सरावलेल्या त्याच डोळ्यांवर एकाएकीं प्रखर झोत पडला म्हणजे ते दिपून जातात, आणि प्राणी भांबावून जागच्या जागीं खिळतो. जी शक्ति त्यास वाघापासून वांचविते, तीच आपल्या दिव्यापुढें त्याचा घात करिते.

त्या रात्रीं कोहमाऱ्याच्या चौकांत चहा घेतांना आम्हीं ही हकीकत टपरीवाल्या वृद्ध गृहस्थांस सांगितली. ते माझ्या गुडघ्याकडे पाहून म्हणाले, “भाऊ, पहिलं जनावर दिसलं का थांबाचं. शेवटलं कोणतं, हे त्याईलेच ठावं रायते.” कळपांतील एक प्राणी पुढें गेला म्हणजे मागचे त्याच्या पाठोपाठ येतात, हें शास्त्र त्यांनीं एका वाक्यांत सांगून टाकिलें.

रविवारीं चांगलें उजाडल्यावर आम्ही दक्षिणेकडे निघालों. या वेळीं पुढें वडील मित्र, मध्यें मी आणि शेवटीं तिसरी गाडी, असा क्रम होता. दोन गाड्यांत भरपूर अंतर ठेविलें. भोंगा न वाजवितां हातानें खूण करावयाची, आणि पुढचा थांबला कीं सर्वांनीं थांबावयाचें, असा नियम केला. आश्चर्य असें कीं, त्या मंद चालीनेंच सहल खऱ्या अर्थानें सुरू झाली. आदल्या दिवशीं जी नुसती हिरवी-तपकिरी भिंत भासली होती, तींत आतां एकेक झाड ओळखूं येऊं लागलें. एका वानराचा खर्जांतील इशारा ऐकूं आला. दूर एक मोर पिसारा सांवरीत रस्त्यावरून चालत गेला.

नवेगांवबांधाचा तलाव सुमारें ११ चौरस किलोमीटरांचा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं तो बांधविला. पुढें लोकांनीं त्यांस देवपण दिलें व त्यांचें कोलासुर या नांवानें पूजन होऊं लागलें. भोंवतालच्या सात टेकड्यांस ‘सात बहिणी’ म्हणतात. त्यांनीं त्यास या कामीं साह्य केलें, अशी आख्यायिका आहे. ज्यानें पाणी अडविलें तो देव झाला, ही कल्पना किती हृद्य आहे! वनाधिकारी व साहित्यिक कै. मारुती चितमपल्ली यांनीं येथें सेवा करितांना पाहिलेलें पक्षिजीवन ‘नवेगांवबांधचे दिवस’ या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. विद्यार्थ्यांनीं तो अवश्य वाचावा.

तेथून आम्ही उद्यानाच्या फाटकाशीं गेलों. सकाळच्या फेरीची वेळ टळली होती. “आमच्या गाड्या आंत नेतां येतील काय?” असें आमच्यांतील एकानें विचारलें. तेथील रक्षकानें हंसून नकार दिला आणि कारणेंहि सांगितलीं. आंत जावयाचें तें परवाना असलेल्या मोटारींतून आणि वाटाड्यासह. मोटारसायकलस्वारास कसलाच आडोसा नसतो. अस्वल वा गवा समोर आला तर पळण्यास जागा नाहीं, आणि गाडी बंद पडली तर आणखी अनर्थ. शिवाय यंत्राच्या आवाजानें प्राणी बिथरतात. हा नियम कांहीं आपल्याकडेच आहे असें नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील १९२६ सालीं स्थापन झालेल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानांतहि पर्यटकांस मोटारसायकलीवरून हिंडतां येत नाहीं.

परंतु फाटकाच्या आंत नियम आहेत, रक्षक आहेत. खरा प्रश्न आहे तो फाटकाबाहेरील सार्वजनिक रस्त्याचा. ऑगस्ट २०२३ मध्यें याच मुरदोलीच्या जंगलांत, मी जेथें पडलों त्याच रस्त्यावर, रात्रीं एका मोटारीची धडक बसून एक तरुण वाघ जबर जखमी झाला आणि त्यांतच त्याचा अंत झाला. नवें क्षेत्र शोधण्याचें ज्याचें वय, त्याची वाट तेथेंच संपली. इतर ठिकाणीं यावर उपाय योजिले आहेत. टांझानिया देशांत मिकुमी राष्ट्रीय उद्यानाच्या मधून सुमारें ५० किलोमीटर राजमार्ग जातो. तेथें वेगास मर्यादा घातली असून रस्त्यावर जागोजागीं उंचवटे बांधिले आहेत. कर्नाटकांत बंडीपूरच्या वनांतील महामार्ग २००९ सालापासून रात्रीं ९ ते सकाळीं ६ पर्यंत सर्वसाधारण वाहतुकीस बंद असतो. पेंचच्या अरण्यांत महामार्ग क्रमांक ४४ उंच खांबांवर नेऊन त्याखालून प्राण्यांसाठीं ९ मार्ग ठेविले आहेत. हीं कामें सरकारचीं. परंतु वेग कमी करणें हें प्रत्येकाच्या स्वतःच्या मुठींत आहे.

परततांना मुरदोलीचें जंगल आम्हीं भर दुपारीं ओलांडलें. तो काळा पट्टा रस्त्यावर तसाच होता. मी गाडी थांबवून क्षणभर त्याकडे पाहिलें. माझ्या मागें बसलेला मित्र मनगटाला रुमाल बांधून होता, तो एवढेंच म्हणाला, “दोन हात कमी पडले असते तर?” त्याला मजजवळ उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही मोठे झाल्यावर अशा सहलींस जालच, आणि अवश्य जावें. पालकांनींहि त्यांस आडकाठी करूं नये. मात्र दिवसाउजेडीं निघावें, शिरस्त्राण घालावें, वनांत वेग चाळीसच्या आंत ठेवावा, आणि पहिला प्राणी दिसतांच थांबावें. रस्ता आपण बांधिला, हें खरें. पण वाट त्यांची आधींपासूनची आहे.