सेवाग्रामची कुटी

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरांवर सेवाग्राम हे गाव आहे. पूर्वी त्याचे नाव शेगाव असे होते. बुलढाणा जिल्ह्यातही शेगाव नावाचे प्रसिद्ध गाव असल्यामुळे टपालाचा नित्य घोटाळा होई. म्हणून १९४० साली या गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. येथील आश्रमात महात्मा गांधींची ‘बापू कुटी’ जतन करून ठेवलेली आहे. देशोदेशींचे लोक ती पाहावयास येतात. बाहेरून पाहता तिच्यात नवल वाटावे असे काहीच नाही. मातीच्या भिंती, लाकडाचे खांब, बांबू आणि वर कवेलूंचे उतरते छप्पर. अशी घरे विदर्भातील खेड्यांत पूर्वी सर्वत्र दिसत. मग तेथे पाहावयाचे काय? मे महिन्याच्या भर दुपारी जो या कुटीत पाऊल टाकतो, त्याला याचे उत्तर अर्धेअधिक मिळून जाते.

वर्ध्याचा उन्हाळा मोठा कडक. पारा कित्येकदा ४५ अंशांच्याही वर चढतो. अशा वेळी घराचे पहिले काम म्हणजे उन्हाला बाहेर थोपविणे. कुटीचे छप्पर चांगले खालपर्यंत उतरविलेले असून त्याखाली ओसरी आहे. डोक्यावर आलेल्या सूर्याचे किरण ओसरीवरच अडतात; भिंत सावलीत राहते. मातीच्या भिंतीचा गुणही असा, की ती लवकर तापत नाही. बाहेरची उष्णता तिच्यातून सावकाश आत सरकते. ती आतल्या अंगास पोहोचेपर्यंत दिवस कलू लागतो आणि बाहेर हवा निवू लागते. आतली तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व कवेलूंच्या फटींतून निघून जाते. सिमेंटच्या सपाट छताचे याच्या उलट असते. दिवसभर ते ऊन पिते आणि रात्री तीच उष्णता खाली सोडते. म्हणूनच अशा घरांतील मंडळी उन्हाळ्यात अंथरुणे घेऊन गच्चीवर जातात.

परंतु घर थंड असले म्हणजे सोयीचे झाले, असे नाही. या आश्रमाचा आरंभीचा इतिहासच त्याची साक्ष देतो.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी या गावी प्रथम मुक्कामास आले. तेव्हा त्यांना सदुसष्टावे वर्ष चालू होते. येथील जमीन जमनालाल बजाज यांची. घर बांधण्याच्या कामी पुढाकार होता मीराबेन यांचा. मूळच्या मॅडेलिन स्लेड नावाच्या या बाई एका इंग्रज नौसेनाधिकाऱ्याच्या कन्या. परंतु खेड्यातील बांधणी त्यांनी मन लावून शिकून घेतली होती. सामान जवळपास मिळेल तेच वापरावयाचे, मजूर गावचे घ्यावयाचे आणि खर्च अगदी थोडा करावयाचा, असा गांधीजींचा दंडक होता. त्याप्रमाणे जे पहिले घर उभे राहिले, ते ‘आदि निवास’ होय. त्यात मुख्य अशी एकच मोठी खोली होती. गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि येणारे-जाणारे पाहुणे यांनी त्या एका खोलीत आपापले कोपरे धरले. एकीकडे लेखन, दुसरीकडे सूतकताई, तिसरीकडे भेटीस आलेल्यांशी बोलणे.

गांधीजींना या गर्दीचे काही वाटत नसे. कस्तुरबांची मात्र यात फार कुचंबणा झाली. सगळ्या दिवसात क्षणभर एकटे बसावे, दार लोटून घ्यावे, असा आडोसा त्यांना नव्हता. थोर माणसांच्या घरीही अशी गोष्ट नजरेतून सुटते, आणि ती सोसावी लागते बहुधा घरातील स्त्रीलाच. जमनालालजींच्या हे ध्यानात आले. त्यांनी कस्तुरबांसाठी एक निराळी लहानशी कुटी बांधविली. ती ‘बा कुटी’ म्हणून आजही तेथे उभी आहे.

मीराबेन यांनी स्वतःसाठी जी झोपडी बांधली होती, तीत पुढे गांधीजी राहावयास गेले. गरजेप्रमाणे तिच्यात भर पडत गेली व तीच बापू कुटी झाली. तिच्या भिंतींवर मीराबेन यांनी मातीतच उठावाची चित्रे काढली आहेत. त्यांत ताडाची झाडे आहेत, मोर आहेत आणि चरखाही आहे. आत खुर्च्या नाहीत, पलंगांची दाटी नाही. चटई अंथरली की बैठक, गुंडाळली की जागा मोकळी. एकच खोली सकाळी लेखनाची आणि दुपारी सभेची होऊ शकते, ती यामुळेच.

जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच नावाचे पाश्चात्त्य विचारवंत सेवाग्रामास आले होते. या कुटीत ते बराच वेळ बसले, आणि एवढ्याशा घरात निरनिराळ्या प्रकारच्या सात जागा असल्याचे त्यांना आढळले. पहिली प्रवेशाची, जेथे पादत्राणे काढावयाची व क्षणभर थांबावयाचे. मग सर्वांनी मिळून बसण्याचे मधले दालन. त्यानंतर गांधीजींची स्वतःची बैठक. एक खोली पाहुण्यांची, एक आजाऱ्यांची. मोकळी ओसरी. आणि शेवटी प्रशस्त न्हाणीघर. मोठमोठ्या वाड्यांतूनही आजाऱ्यासाठी मुद्दाम राखलेली खोली क्वचितच आढळते. १९३९ साली परचुरे शास्त्री नावाचे संस्कृत पंडित आश्रमात आले. त्यांना कुष्ठरोग झालेला होता, आणि त्या काळी अशा रोग्याला लोक गावाबाहेर घालवीत. गांधीजींनी त्यांच्यासाठी जवळच कुटी करून दिली व त्यांची शुश्रूषा आपल्या हातांनी केली.

बापू कुटीत आणखी एक मजेची वस्तू ठेवलेली आहे. लाकडाचा लांब चिमटा आणि एक पेटी. परिसरात साप पुष्कळ. चिमट्याने साप अलगद धरून पेटीत घालीत व दूर नेऊन सोडून देत.

आश्रमाचा स्वयंपाक एकत्र होत असे. त्यामुळे कुटीत चूल नव्हती. सामान्य घराला मात्र चूल चुकत नाही, आणि लहान घरात तिचा धूर हा मोठाच जाच. दारे-खिडक्या लावल्या तर डोळे चुरचुरतात, उघडल्या तर झळा आत येतात. वर्धा शहरातील मगनवाडीत या प्रश्नावर काम झाले. तेथे ‘अखिल भारत ग्रामोद्योग संघ’ होता व जे. सी. कुमारप्पा तेथील कार्याचे सूत्रधार होते. १९४० नंतरच्या दशकात तेथे ‘मगन चूल’ तयार झाली. ती मातीचीच, पण तिच्या पोटात बोगद्यासारखी वाट असून तिच्यावर ओळीने भांडी ठेवण्याची तोंडे होती. एकाच जाळाची धग एका भांड्याखालून दुसऱ्याखाली जाई. शेवटी धुराडे. तापलेला धूर त्यातून आपोआप वर खेचला जाई आणि घराबाहेर पडे. सरपण वाचे ते वेगळेच. ज्या घरात दोन वेळा चूल पेटते, तेथे फुंकणीपाशी बसणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही सुधारणा केवढी मोलाची होती!

जवळच्या सामानाने घरे बांधावीत, हा विचार पुढे दूरवर गेला. लॉरी बेकर हे तरुण इंग्रज स्थापत्यकार मायदेशी परतण्यासाठी मुंबईत जहाजाची वाट पाहत असता त्यांची गांधीजींशी भेट झाली. पाच मैलांच्या आत जे सापडते त्याचेच घर असावे, असे गांधीजींनी त्यांना सांगितले. बेकर पुढे भारतातच राहिले, आणि केरळात विटांच्या जाळीदार भिंतींची हवेशीर, स्वस्त घरे त्यांनी बांधली.

मातीच्या घराला एक मोल मात्र द्यावे लागते. दगड-सिमेंटासारखे ते वर्षानुवर्षे एकटे सोडून चालत नाही. पावसाने भिंतीचा पायथा झिजतो, वाळवी लाकूड पोखरते, माकडांच्या उड्यांनी कवेलू सरकतात. म्हणून वर्ध्याकडे ज्यांची अशी घरे अद्याप उरली आहेत, त्यांची मृगापूर्वीची गडबड ठरलेली असते. एक जण छपरावर चढून कवेलू फेरतो, फुटलेली खाली टाकतो. दुसरा शिडीवरून नवी वर देतो. अंगणात माती, शेण आणि बारीक भुसा कालविलेला असतो, आणि भिंतीच्या भेगा एकेक करून बुजविल्या जातात.