'अहो'पासून 'जोडीदारा'पर्यंत

मैत्रिणींनो, चारचौघींत नवऱ्याविषयी बोलताना तुम्ही कोणता शब्द वापरता? 'आमचे हे', 'मिस्टर', 'साहेब', की 'पिंट्याचे बाबा'? आमच्या हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता मिळतो. तिथं एसटीची वाट बघत अर्धा तास उभं राहिलं, तर हे सगळे शब्द कानावर पडतात. खाली मालवणी मुलखात गेलं की 'घोव' आणि 'बाईल' सुरू होतं. घाटावरची पाहुणी आली की ती 'कारभारी' नाहीतर 'मालक' म्हणते. माणूस एकच, पण त्याला हाका किती!

माझी भाची पुण्यात स्पॅनिश शिकतेय. गणपतीत मोदक वळता वळता तिनं त्या भाषेतले नवरा-बायकोचे शब्द सांगितले आणि आम्ही सगळ्याजणी हातातली पारी तशीच धरून ऐकत राहिलो. तिकडे प्रियकर म्हणजे 'नोबियो'. लग्न ठरलेला मुलगाही नोबियो आणि लग्नाच्या दिवशीचा नवरदेवही नोबियोच. लग्न झालं की मात्र तो 'मारिदो' नाहीतर 'एस्पोसो' होतो. 'नोबियो'च्या मुळाशी 'नवा' हाच अर्थ आहे, आपल्या 'नवरा'मधल्या 'नव'सारखा. गंमत बघा, आपल्याकडे पुरुष सत्तरीला आला तरी 'नवरा'च राहतो. 'नवरी' मात्र हळद उतरेपर्यंतच, मग ती बायको!

वाग्दत्त वधूला तिकडे 'प्रोमेतिदा' म्हणतात, म्हणजे 'शब्द दिलेली'. अगदी आपल्यासारखंच. आपल्या माणसाला कौतुकानं 'मेदिया नारांखा', म्हणजे 'अर्धं संत्रं' म्हणतात. आपल्याकडे अर्धांगिनी फक्त बाई. तिकडे नवराही अर्धंच संत्रं बरं का! आणि 'एस्पोसा' म्हणजे पत्नी, पण 'एस्पोसास' म्हटलं की त्याचा दुसरा अर्थ होतो बेड्या. हे ऐकून आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे तिकडेही तेच गो!" आणि सगळ्याजणी हसलो.

हसलो खरं, पण आपल्या शब्दांत तरी काय आहे? पती म्हणजे स्वामी. भ्रतार म्हणजे पोसणारा आणि भार्या म्हणजे जिला पोसायचं ती. मालक, धनी यांचा अर्थ सांगायलाच नको. आणि बायको? 'आमचं कुटुंब' नाहीतर 'आमची मंडळी'. यात तिचं नाव कुठं आहे? त्याचंही नाव नाही, कारण नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं ही समजूत. म्हणून तर उखाण्याची सोय झाली.

नाव न सांगण्यानं काय होतं, याचा मोठा दाखला आपल्या देशाच्या पहिल्याच निवडणुकीत आहे. १९५१-५२ मध्ये मतदार याद्या करताना कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं. अशा सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. मत गेलं ते गेलंच!

पण शब्द बदलतातही. रमाबाई रानड्यांनी १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिल्या. त्यात न्यायमूर्तींचा उल्लेख त्या 'स्वतः' असा करतात. इंग्रजी अनुवादाचं नावही 'हिमसेल्फ' असंच पडलं. पुढे १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' येऊ लागली. त्यांनी सरळ 'टिळक' लिहिलं, आणि टिळकांशी झालेली भांडणंही लिहिली. आमच्या रत्नागिरीच्या सुनीताबाई ठाकुरांनी १९४६ मध्ये इथंच पु. ल. देशपांड्यांशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. १९९० मध्ये 'आहे मनोहर तरी' आलं, त्यात पुलं आहेत नुसते 'भाई'. 'स्वतः', 'टिळक', 'भाई'. ऐंशी वर्षांत बाई किती जवळ येऊन उभी राहिली!

आता नव्या सुना 'अरे' म्हणतात आणि सासूबाईंच्या कपाळाला आठी पडते. मला 'अहो'त काही वावगं वाटत नाही, मीही तेच म्हणते. पण तिनं 'अहो' म्हणायचं आणि त्यानं 'ए, इकडे ये' म्हणायचं, हे काही पटत नाही. मान द्यायचा तर दोघांनी एकमेकांना द्यावा.

शब्दानं खरं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आमच्या बचत गटातली एक बाई अठरा वर्षं एका माणसाबरोबर राहिली. दोघंही बिनलग्नाचे. पैशांअभावी लग्न राहून गेलं, ते राहिलंच. पुढे मारहाण सुरू झाली. तक्रार करायला मी तिच्याबरोबर गेले. टेबलामागच्या माणसानं विचारलं, "हा तुमचा कोण?" बाई गप्प. गावानं तिला दिलेला 'ठेवलेली' हा शब्द ती स्वतःच्या तोंडानं कशी उच्चारणार?

घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. लग्नासारख्या नात्यात एका घरात राहिलेल्या बाईलाही तो संरक्षण देतो. अर्थात असं प्रत्येक नातं त्यात बसत नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटी सांगितल्या. दोघंही लग्नाच्या वयाचे आणि लग्न करायला मोकळे असावेत, बराच काळ नवरा-बायकोसारखे एकत्र राहिलेले असावेत. त्याच निकालात बाईसाठी 'कीप' असा शब्द आला, तेव्हा ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी भर न्यायालयात त्याला हरकत घेतली. २०२३ मध्ये न्यायालयानंच बाईला कमी लेखणारे शब्द टाळण्यासाठी पुस्तिका काढली.

स्पॅनिशमध्ये 'पारेखा' असा एक शब्द आहे. पारेखा म्हणजे जोडी, आणि त्या जोडीतला कुणीही एक. तो असो की ती, लग्न झालेलं असो वा नसो. आपल्याकडे 'जोडीदार' आहेच की! त्यात कुणी मालक नाही, कुणी ठेवलेली नाही. मी त्या बाईला हाच शब्द सांगितला. अर्जावर तोच लिहिला आणि पुढे दोघांची पूर्ण नावं.

घरात लाडानं काहीही म्हणा. दवाखान्यात, बँकेत, पोलीस ठाण्यात मात्र 'हे' आणि 'ते' नको, नाव स्पष्ट सांगा. आणि येत्या हळदीकुंकवाला एक करून बघा. उखाण्याआधी प्रत्येकीनं आपलं स्वतःचं पूर्ण नाव मोठ्यानं सांगायचं. मग घ्या हवं तर त्यांचं!