तबल्यासाठी कॉन्चेर्टो

कंट्री संगीताचे माहेर असलेल्या अमेरिकेतील नॅशव्हिलच्या सिम्फनीने २००६ साली नव्या सभागृहाच्या उद्घाटनासाठी एक कॉन्चेर्टो रचून घेतला. कॉन्चेर्टो म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंद यांचा संवाद. येथे मात्र वादक तिघे, आणि रचनाकारही तेच: बॅन्जोवर बेला फ्लेक, डबल बासवर एडगर मेयर, तबल्यावर उस्ताद झाकीर हुसेन.

हा मेळ वाटतो तितका सोपा नाही. तबला एका स्वरात मिळवलेला असतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा आधारस्वर वाटेत बदलत जातो. शिवाय तबलावादक उपजेवर चालतो, वाद्यवृंद छापील स्वरलिपीवर. २००९ मध्ये डेट्रॉइट सिम्फनीसह त्याचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले. स्वरलिपी आहे, तबल्यामागे कोणी बसायचे, हा प्रश्न उरतो.